सोळा पिसं

तारीख ११ फेब्रुवारी १९६८, रविवार. रक्कम अठरा रुपये. व्यवहाराला हजर माणसं चार: ज्याचा कोंबडा जिंकला तो, ज्याचा हरला तो, माझे घरमालक आणि मी. जागा परसवाड्याकडच्या एका खेड्याचा बाजार, बाजाराच्या कडेचं चिंचेचं झाड. तिथे कोंबड्यांच्या झुंजी लागत.

तिथला रिवाज असा होता की हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा व्हायचा. मेलेला असो की जिवंत, जिंकणारा तो घरी नेऊन शिजवायचा. हरणाऱ्याला काही मिळत नसे आणि तो काही मागतही नसे. त्या दिवशी हरलेला कोंबडा जिवंत होता, कारण तो लढलाच नव्हता. समोरच्या कोंबड्याच्या पायाला बांधलेली काती चमकली, तसा तो वळला आणि लोकांच्या पायांमधून पळाला. सगळे हसले. माझे घरमालक हसले नाहीत. ते कोंबड्याच्या मानेकडे पाहत होते. मानेची पिसं राखी रंगाची होती आणि उन्हात त्यांच्या कडांना मधाची झाक येत होती.

त्यांनी जिंकणाऱ्याला भाव विचारला. त्यानं यांचा चेहरा पाहिला आणि अठरा सांगितले.

मी बाजूला घेऊन म्हटलं, "काका, सहा रुपयांचा कोंबडा आहे हा."

"कोंबडा सहाचाच हाये," ते म्हणाले. "मान बाराची हाये."

आणि त्यांनी अठरा मोजून दिले. ज्याचा कोंबडा हरला तो माणूस इतका वेळ उकिडवा बसून होता. आम्ही निघालो तेव्हा उठून जवळ आला, कोंबड्याचा मुडपलेला पंख सरळ केला आणि काकांना म्हणाला, "कोदो देना इसको. मक्का नहीं खाता." एवढं बोलून तो गर्दीत गेला.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो.

काका बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत ट्रेसर होते. खाणीचे नकाशे मेणकापडावर शाईनं उतरवायचे, हे त्यांचं काम. मी त्याच खाणीत हजेरी कारकून होतो. मी राजेगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. बालाघाटात काकांच्या घरी खोली घेतली तेव्हा गावातल्या दोघातिघांनी मला विचारलं, की बौद्धांच्या वॉर्डाशिवाय दुसरीकडे खोली मिळाली नाही का. मिळाली होती. या खोलीत उजेड जास्त होता. भाडं दोन्हीकडे सारखंच होतं. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा ओसरीवर बसली, दुसऱ्यांदा आली तेव्हा काकूंच्या चुलीपाशी. त्यानंतर मी हिशेब ठेवला नाही.

काकांना सगळा वॉर्ड माशीवाले म्हणे. ते माशी बांधत. मासेमारीसाठी गळावर रेशीम आणि पीस गुंडाळून पाखरासारखी दिसणारी जी वस्तू करतात, तिला ते माशी म्हणत. तिच्या दोन जाती. एक पाण्यात बुडते, एक पाण्यावर तरंगते. तरंगणारीला सुकी माशी म्हणायचं आणि काका फक्त सुकीच बांधत. ती ट्राउट नावाच्या माशासाठी असते. हा मासा थंड डोंगरी पाण्यात राहतो. आमच्या वैनगंगेत तो नाही, कधी नव्हता आणि काकांनी तो जन्मात पाहिला नव्हता.

हे त्यांना शिकवलं खाणीतल्या एका गोऱ्या साहेबानं, लढाईच्या वर्षांत. ट्रेसरचा हात पाहून साहेबानं त्यांच्यापुढे एक नमुना ठेवला आणि म्हणाला, असाच कर. काकांनी केला. साहेब दर उन्हाळ्यात डोंगरावर जाताना दोन डझन घेऊन जाई. साहेबाच्या पुस्तकातलं ट्राउटचं चित्र काकांनी मेणकापडावर उतरवून घेतलं होतं, खऱ्या मापाचं, अंगावरच्या ठिपक्यांसकट. ते त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर टाचलेलं असे. काकू त्याला "तुमचा मामा" म्हणत.

"साहेब तीन वर्षं माशा घेऊन गेला," काका मला सांगत. "जाय, अन् परत येय. पण मासा आला का नाई, हे कधी सांगतलं नाई त्यानं. मीही इचारलं नाई. साहेबाले काय इचारता? मंग तो गेला त्याच्या देशात."

हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं असेल. बोलणं दर वेळी तिथेच थांबे. त्यांचं सगळं अडलं होतं ते या एका उत्तरापाशी. आपल्या हातची माशी ट्राउटनं खरी समजून तोंडात घेतली का? बावीस वर्षं झाली तरी उत्तर नव्हतं. आणि आता त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, उजव्यात सुरुवात होती. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बारीक काम आणखी एखादं वर्ष.

मध्ये बारा वर्षं त्यांनी माशी बांधलीच नव्हती. १९५६ साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. प्राणी मारणार नाही, हे तिथे म्हटलं. घरी आले आणि पिसांसाठी आणून ठेवलेल्या कोंबड्यांच्या सुकवलेल्या माना परसात पुरून टाकल्या. लोखंडी पकड, रेशीम आणि गळ पत्र्याच्या पेटीत गेले. बाहेर एकच माशी राहिली, ऑफिसच्या टेबलावर बुचाला टोचलेली.

तीच माशी जानेवारीत खाणीत नव्यानं आलेल्या इंजिनिअर साहेबांनी पाहिली. हे पंजाबकडचे, मासेमारीचे शौकीन.

"ये किसने बाँधी?"

"मी," काका म्हणाले.

"डूब जाती होगी."

काकांनी पेलाभर पाणी आणून टेबलावर ठेवलं, बोटाच्या टोकानं माशी त्यावर टेकवली आणि पुन्हा नकाशावर वाकले. साहेब मीटिंगला गेले. मीटिंग सव्वा तास चालली. परत आले तेव्हा माशी पाण्यावर होती. शेपटीसुद्धा भिजली नव्हती.

साहेबांनी बारा मागितल्या. ते ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला रजेवर कुल्लूला जाणार होते. काकांनी दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी तीन अटी सांगितल्या. पहिली, गळाच्या टोकामागचा उलटा काटा कानशीनं घासून टाकणार, म्हणजे मासा सहज सुटेल. दुसरी, आलेला मासा पाण्यात परत सोडायचा. तिसरी, मासा आला का नाही ते सांगायचं.

"बता दूँगा," साहेब हसून म्हणाले.

"बोलून नाई. लिहून."

एवढ्या अटी घातल्यावर मला वाटलं साहेब उठून जातील. पण ते कबूल झाले. माशीला दीड रुपया ठरला.

पिसांचा प्रश्न राहिला. सुक्या माशीला कोंबड्याच्या मानेचंच पीस लागतं, तेही पुऱ्या वयाच्या कोंबड्याचं. कोवळ्या कोंबड्याचं पीस मऊ असतं, पाणी पितं आणि माशी बुडते. एका माशीला दोन पिसं, म्हणजे बारांना चोवीस, सगळी एका मापाची. कोंबडा मारायचा नाही. जिवंत कोंबड्याचं पीस उपटायचं नाही. मग पिसं येणार कुठून?

"तो देईल," काका म्हणाले. "पावसाळ्यात पिसं झाडते कोंबडा. पडेल तेवढं आपलं."

म्हणून हा पळपुटा कोंबडा. परसात त्याच्यासाठी जाळी लावली गेली, खाली वाळू पसरली, म्हणजे पडलेलं पीस चिखलात जाऊ नये. कोदोचं बारीक धान्य परसवाड्याहून येई. काकूंनी त्याला पाहुणा हे नाव दिलं, कारण त्याचं सगळं आधी व्हायचं.

मार्च ते जुलै एकही पीस पडलं नाही. या काळात काका दर रविवारी संध्याकाळी वैनगंगेवर जात. मलाही नेत. मासे पाहायला नव्हे. पाण्यावर उतरणारी बारीक पाखरं पाहायला. पोटावर झोपून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून, उजव्या डोळ्यावर भिंग धरून ते पाहत. धोबी लोक कपडे आपटायचे थांबून त्यांच्याकडे बघत.

"पाह्य," ते मला म्हणत. "बुडून राह्यलं का? नाई. पाण्याले त्याचं वजन समजूनच नाई राह्यलं. पाय टेकवले, टाकले नाई."

घरी आल्यावर सरावाच्या माशा बांधत, सुताच्या, पिसाविना. पकड टेबलाच्या कडेला बसवलेली, गळ तिच्यात, कोशाचं रेशीम मेणातून ओढून घेतलेलं. गुंडाळताना श्वास धरून ठेवत. एक वेढा जरी दुसऱ्यावर चढला तरी ब्लेडनं कापून पहिल्यापासून. खाणीच्या नकाशातही त्यांचं असंच होतं. एका रेघेसाठी त्यांनी दोन दिवसांचं काम फाडलेलं मी पाहिलं आहे. परीक्षा पितळी परातीत व्हायची. त्यामुळे स्वयंपाकघरातून आवाज येई.

"परात द्या आता. कणीक भिजवाची हाये."

"दहा मिनिटं."

"तुमच्या माशीचे दहा मिनिटं झाले का आमच्या पोळीचे दहा मिनिटं चालू होतात. अन् हे पोरगं उपाशी बसून राह्यलं तिकडे." पोरगं म्हणजे मी. तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि रात्रीचं जेवण मी त्यांच्याकडेच जेवत असे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं पीस पडलं. काकांनी ते उचललं, फुंकर मारून साफ केलं, भिंगाखाली धरलं आणि सिगारेटच्या पत्र्याच्या डबीत ठेवलं. मग रोज सकाळी आंघोळीआधी जाळीत वाकून शोध. पिसं पुष्कळ पडत, शेपटीची, पाठीची, पंखांची. मानेची थोडी, आणि त्यातली मापाची आणखी थोडी. सप्टेंबरच्या वीस तारखेला डबीत पंधरा होती.

साहेब येता-जाता विचारू लागले. "मुर्गे ने इस्तीफ़ा दे दिया क्या?" ऑफिसात हसणं व्हायचं. कोणी म्हणे, कापा आणि मोकळे व्हा. कोणी म्हणे, अहो, निदान उपटा तरी. काका नकाशावरून मान वर करत नसत. एक दिवस फक्त एवढं म्हणाले, "पहिले मारत होतो. तवा सोपं होतं."

इथे मी एक गोष्ट केली. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. बावीस सप्टेंबरला मी बाजारातल्या कोंबडीवाल्याकडे गेलो. त्यानं सकाळी एक राखी कोंबडा कापला होता, पुऱ्या वयाचा. मी त्याची मान मागून घेतली, मापाची नऊ पिसं काढली आणि पुढचे चार दिवस पहाटे उठून जाळीत टाकत गेलो. दोन, दोन, दोन आणि तीन. पंधरा अधिक नऊ चोवीस. माझा हिशेब बरोबर होता. मला वाटलं, आता पूर्ण बारा जातील आणि या माणसाचं अडलेलं उत्तर येईल.

काका खूश दिसले. दोन माशा त्यांनी त्याच पिसांच्या बांधल्या. परातीत टाकल्या, त्या तरंगल्याही. सव्वीस तारखेला संध्याकाळी मी कामावरून आलो तर ते टेबलाशी बसले होते आणि उरलेली पाच पिसं पांढऱ्या कागदावर मांडलेली होती.

"बस," ते म्हणाले. भिंग माझ्या हातात दिलं. "याची बुडखी पाह्य."

मी पाहिलं. देठाच्या टोकाला काळपट, वाळलेला कण होता.

"आता हे पाह्य." त्यांनी डबीतलं एक दुसरं पीस ठेवलं. त्याचं टोक पांढरं, कोरडं, स्वच्छ.

"हे पडेल हाये," काका म्हणाले. "अन् ते उपटून काढेल हाये. महिन्याभरात त्यानं पंधरा देले, अन् चार दिवसांत नऊ? तो काय पगारवाढ मागून राह्यला होता?"

मी भिंग खाली ठेवलं.

"काहून केलं?"

"बारा पुऱ्या व्हाव्यात म्हणून. तो कोंबडा तर कापलेलाच होता, काका. मी नाही कापायला लावला. आणि कोणाला कळणार होतं?"

"तू खाणीत हजेरी लावते ना?"

"हो."

"जो आलाच नाई, त्याची हजेरी लावते का?"

"नाही."

"आपलाच माणूस असला तं?"

"तरी नाही."

"मंग," ते म्हणाले, आणि त्यांनी बांधलेल्या दोन माशा पकडीत धरून ब्लेडनं उघडल्या. रेशीम सोडवलं, पिसं काढली, गळ मोकळे केले. एका माशीला त्यांना दीड तास लागे. उघडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. माझी नऊ पिसं त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात दिली. आवाज चढवला नाही. जेवायला बसलो तेव्हा माझं ताट नेहमीच्याच जागी होतं. काकूंना त्यांनी काही सांगितलं नसावं. पण त्या रात्री त्या मला दोनदा म्हणाल्या, "जेव ना, काहून थांबला?"

त्यानंतर तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही हजेरी चुकीची लावली नाही. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. प्रत्येक वेळी पीस दिसायचं, म्हणून सांगतो.

अठ्ठावीस तारखेला सोळावं पीस पडलं. काकांनी तीन दिवसांत आठ माशा पूर्ण केल्या आणि तीस तारखेला साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी मोजल्या.

"बारह कही थी."

"त्यानं आठच देल्या," काका म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की कोंबड्याबद्दल बोलत आहेत. ते माशा घेऊन गेले.

ऑक्टोबर गेला. काका कामावर येत, नकाशे उतरवत. पण पकड त्यांनी टेबलावरून काढली नव्हती. संध्याकाळी तिच्यासमोर बसून राहत, हात मांडीवर ठेवून. काकू परात मागायला आल्या तर परात रिकामीच असे. एकदा त्या मला म्हणाल्या, "आता तं मीच म्हणून राह्यली का टाका बाप्पा काही परातीत."

साहेब नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतले आणि स्वतः ट्रेसिंगच्या खोलीत आले. बारा रुपये टेबलावर ठेवले. त्यावर एक माशी ठेवली. तिची एक बाजू पार चघळलेली होती, शेपटी गेली होती, रेशीम सुटून लोंबत होतं. तिच्याखाली चिठ्ठी होती. काकांना अक्षर नीट दिसत नव्हतं, म्हणून मी वाचली. "इस एक पर चार आईं। चारों छोड़ दीं।" खाली सही.

चारही सोडले की एखादा तव्यावर गेला, हे मी तपासू शकत नाही. जे लिहिलेलं होतं तेवढं सांगितलं.

"किती?" काकांनी विचारलं.

"चार."

"पुना वाच."

मी पुन्हा वाचलं. काकांनी ती माशी उचलून उजव्या डोळ्यापाशी नेली. साहेब काहीतरी ऐकण्याची वाट पाहत होते. काका म्हणाले, "दात बारीक असतात त्याले." मग साहेब गेले.

मला वाटलं होतं ती माशी आता काचेत जाईल, भिंतीवरच्या चित्राशेजारी. घरी आल्यावर काकांनी ती पकडीत लावली आणि ब्लेडनं उघडली. मला मोजायला बसवलं. पिसाचे सात वेढे होते. दोन तुटले होते, पाच शाबूत. शाबूत पीस त्यांनी परातीत टाकलं. ते तरंगलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. परात मागितली नाही.

"झालं," काका म्हणाले. पकडीचा स्क्रू सोडवला आणि पेटीत ठेवली. पुढे डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण त्यांनी पुन्हा माशी बांधली नाही. पाहुणा मात्र आणखी तीन वर्षं जगला आणि कोदोच खात राहिला.

त्या नोव्हेंबरातल्याच एका रविवारी आम्ही दोघं बसनं परसवाड्याकडच्या त्या बाजाराला गेलो. चिंचेखाली झुंजी चालू होत्या. ज्याचा कोंबडा हरला होता तो माणूस तिथेच होता, उकिडवा बसलेला, या वेळी कोंबड्याशिवाय. काकांनी त्याच्यापुढे बारा रुपये धरले.

"काहे के?"

"मुर्गे के."

"मुर्गा तो हार गया था. जीतने वाले को आप दे चुके." त्यानं हात मागे घेतला. "हारे हुए का मैं नहीं लेता. यहाँ ऐसा नहीं चलता."

आजूबाजूचे दोघंतिघं वळून पाहू लागले. मला वाटलं, आता काका त्याला सगळं सांगतील, कुल्लू, साहेब, चार मासे. त्यांनी खिशातून डबी काढली आणि परातीत तरंगलेलं ते पीस त्याच्या तळहातावर ठेवलं.

"मुर्गा हारला," काका म्हणाले. "पिसं कहाँ हारे?"

त्या माणसानं पीस दोन बोटांत फिरवलं, उन्हात धरलं. कडेला मधाची झाक आली.

"उसी का है," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कोदो खाता है?"

"दोनों बखत."

त्यानं पीस पागोट्यात खोवलं आणि हात पुढे केला.

अखेर दिलेली रक्कम बारा रुपये. घेणारा, ज्याचा कोंबडा हरला तो. व्यवहाराला हजर माणसं तीन.